मजबूत झालेलं पोलाद तुटतं कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप सरळ आहे: न्यूट्रॉनच्या माऱ्याने अणुभट्टीच्या पोलादाची ताकद वाढते असंही मी लिहिलं आणि तेच पोलाद धोक्याचं होतं असंही, मग यातलं खरं काय? शिवाय, भट्टीचं इंधन ज्यात असतं त्या २० सेंटिमीटर जाडीच्या पोलादी पात्रात चार अणू इकडचे तिकडे झाले तर काय बिघडतं, आणि तापवून हे दोष जात असतील तर एवढा बाऊ कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

अणू चार नसतात. एक वेगवान न्यूट्रॉन आदळला की शेकडो अणू जागा सोडतात. बहुतेक काही पिकोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागात) पुन्हा एखादी जागा धरतात. उरतात त्या रिकाम्या जागा आणि कुठेतरी घुसलेले जादा अणू. ते एकत्र येऊन काही नॅनोमीटरच्या गाठी बनतात. भरपूर मारा झालेल्या तांब्यात एका घनमायक्रोमीटरमध्ये अशा गाठी दहा हजारांहूनही जास्त सापडतात.

धातू वाकतो तो स्फटिकातली डिसलोकेशन्स, म्हणजे अणूंच्या रांगांच्या मांडणीतल्या रेषेसारख्या चुका, सरकतात म्हणून. वाटेत या गाठी आल्या की ती अडकतात आणि त्यांना पुढे रेटायला जास्त ताण लागतो. वाढलेली ताकद ती हीच, आणि घात तिथेच आहे. भेगेच्या टोकाशी पोलाद वेळेवर वाकलं तर भेग बोथट होते. पण वाकायला लागणारा ताण वाढला आणि स्फटिक चिरायला लागणारा ताण जवळपास होता तेवढाच राहिला, तर वाकण्याआधीच चिरण्याची पाळी येते. म्हणजे ताकद वाढली म्हणूनच चिवटपणा गेला. माझी दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. ताण पुरेसा वाढला की डिसलोकेशन गाठी फोडत, गिळत पुढे जातं. गवतातून पहिला माणूस गेला की मागचे त्याच पायवाटेने जातात, तशी पुढची डिसलोकेशन्सही त्याच मोकळ्या पट्ट्यातून धावतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाठींच्या काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या धातूत जेमतेम १०० नॅनोमीटर रुंदीचे स्वच्छ पट्टे दिसतात. आकारातला सगळा बदल त्या पट्ट्यांतच कोंडतो, बाजूचा धातू जवळजवळ हलतच नाही. म्हणून ताणचाचणीत असा नमुना थोडासा लांबला की लगेच एका जागी बारीक व्हायला लागतो.

तापवण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. रशियातल्या नोवोवोरोनेझच्या तिसऱ्या भट्टीचं पात्र १९८७ मध्ये सुमारे ४३० अंश सेल्सिअसला तापवून घेतलं गेलं. गेलेला चिवटपणा त्याने बराचसा परत येतो. पण त्यासाठी भट्टी बंद ठेवून, इंधन बाहेर काढून, पात्राच्या भिंतीचा मारा झालेला भाग दिवसचे दिवस तापता ठेवावा लागतो. शिवाय जुन्या पात्रांच्या वेल्डिंगच्या जोडांमध्ये तांबं आणि फॉस्फरस जास्त असतं. माऱ्यात तांब्याचे बारीक कण वेगळे होतात आणि तेही डिसलोकेशन्सना अडवतात. तापवल्यावर ते थोडे आणि मोठे होतात, तेव्हा अडथळा कमी होतो. भट्टी पुन्हा सुरू झाली की न्यूट्रॉनचा मारा सुरूच, आणि पोलाद पुन्हा हळूहळू कडक व्हायला लागतं.