खिशात कॅमेरा आहे, मग भिंत कशाला?

आज 19 ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिन. सकाळपासून शुभेच्छा येताहेत आणि त्यातल्या निम्म्या शुभेच्छांवरचा फोटो कुठल्यातरी परक्या माणसाचा, नाव न देता उचललेला. फोटोग्राफर लोकच दुसऱ्या फोटोग्राफरचा फोटो ढापून एकमेकांना फोटोग्राफी दिनाच्या शुभेच्छा देतात. असो, आजचा वैताग त्याचा नाही.

सकाळी आमच्या फोटोग्राफर संघटनेच्या कॅमेरा पूजनाला गेलो होतो. पाटावर कॅमेरे, हळदकुंकू, नारळ, पेढे. मला त्यात काही खटकत नाही, माझाही जुना निकॉन होता पाटावर. मग पाहुणे बोलायला उभे राहिले. नाव लिहीत नाही, आपल्या धंद्यातले नव्हेत. म्हणाले, "आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लोक फोटो मोबाइलवरच बघतात. ते गॅलऱ्या-बिलऱ्यांचे दिवस संपले." आणि टाळ्या पडल्या! पाहुण्यांचं जाऊ दे, त्यांना कुणीतरी दोन ओळी लिहून दिल्या असतील. पण टाळ्या वाजवणारे सगळे फोटोग्राफर होते. मी दुसऱ्या रांगेत बसून पेढा चघळत होतो आणि तो गोड लागेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वडिलांचा स्टुडिओ होता, पहिल्या मजल्यावर. ते थकल्यावर बरीच वर्षं बंद पडून होता. तिथं मी आणि दोन मित्रांनी मिळून फोटोंची गॅलरी काढलीय. गॅलरी म्हणजे चौदा बाय अठराची एक खोली. रंगवलेला जुना पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा आहे. डार्करूममध्ये आता गॅस आणि चहाचं पातेलं. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते म्हणून तिच्यावर काही लावत नाही. बाकीच्या भिंतींवर फ्रेमच्या मागं लाकडी गुट्टे ठोकलेत, हवा खेळावी म्हणून. तरी जुलैत कागद फुगतोच. रविवारी सकाळी लोक जमतात, फोटो बघतात, भांडतात, चहा पितात, जातात. बस, एवढंच.

आता त्या टाळ्यांना माझं उत्तर म्हणजे आमचा वायरमन. त्याचंही नाव लिहीत नाही, नाहीतर साहेब विचारायचे, खांबावर चढून मोबाइल खेळत होतास काय?

गॅलरीची लाइट गेली म्हणून तो आला होता. काम झाल्यावर हात पुसत भिंतीवरचे फोटो बघत फिरला आणि म्हणाला, "असलं माझ्याकडं पण हायती." म्हटलं दाखव. स्क्रीनगार्ड फुटलेला फोन. आणि त्यात, काय सांगू राव, सगळं गाव खांबाच्या उंचीवरून! ही उंची आपल्याला माहीतच नसते. आपण रस्त्यावरून बघतो, नाहीतर हल्ली ड्रोनवरून. हा मधूनच बघतो. तालमीच्या गच्चीवर वाळणारे लंगोट. चटणीसाठी वाळत घातलेल्या मिरच्या आणि त्यांच्या राखणीला बसवलेला, पेंगणारा नातू. काळ्या टाक्यांच्या रांगा. आणि 2019 च्या महापुरातला एक. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलेलं, हा लाइन बंद करायला खांबावर चढलेला, आणि शेजारच्या माडीच्या खिडकीतनं एक हात बाहेर आलाय, हातात चहाचा कप, थेट आपल्याकडं केलेला. चेहरा नाही. फक्त हात, कप आणि खाली गढूळ पाणी.

मी पंचवीसेक वर्षं लग्नं काढतोय. असा एक फोटो माझ्याकडं नाही.

त्यानं आधी व्हॉट्सॲपवर पाठवले, ते पार फुटलेले. मग वायर लावून मूळ फायली काढल्या आणि मॅट कागदावर 12×18 काढून घेतले. 20×30 ला फुटलेच असते, 12×18 ला टिकले. भिंतीवर लावले आणि त्याला बोलावलं. मला वाटलं, गडी खूश होईल, बायकोला घेऊन येईल. तो एकटाच आला, ड्युटीच्या कपड्यांत. एका फोटोसमोर थांबून म्हणाला, "ह्यो डीपी आता बदललाय." डीपी म्हणजे फोटोतली विजेची पेटी. झालं, एवढीच प्रतिक्रिया!

पण बाकीचे लोक? एक गृहस्थ त्या महापुराच्या फोटोसमोरून हलेनात. खिडकीच्या गजांवरून घर कुणाचं ते ओळखायचा प्रयत्न चालला होता. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी विचारलं, तो म्हणाला नाही, हे पलीकडच्या गल्लीतलं. दोघांत वाद. त्यातून पाणी कुणाच्या घरात कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, कोण कुणाकडं राहायला गेलं होतं, सगळं निघालं. हाच फोटो वायरमननं पूर ओसरला तेव्हा आपल्या ग्रुपवर टाकला होता. खाली काय आलं होतं माहितीय? अंगठे. आणि एक हात जोडलेला.

आता आमचे काही ज्येष्ठ. "आम्ही दोन-दोन लाखांच्या लेन्स गळ्यात घालून हिंडायचं आणि भिंतीवर वायरमनचा मोबाइल?" हो. वायरमनचा मोबाइल. तुमच्या दोन लाखांच्या लेन्समधून जे आलं ते मी बघितलंय. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, त्यात एक होडी. पन्हाळ्याचं धुकं. आणि कृष्णधवल सुरकुतलेली आजी. या आजीनं महाराष्ट्रातली किती बक्षिसं मिळवली असतील देव जाणे, त्या बिचारीला मात्र एक प्रिंट कुणी नेऊन दिली नसेल. वारीचं तर विचारूच नका, काही ठिकाणी वारकऱ्यांपेक्षा कॅमेरेच जास्त दिसतात.

(ज्येष्ठांनी टॅग करून शिव्या द्याव्यात, चालेल. पण रविवारी येऊन समोर दिल्यात तर जास्त चालेल.)

तर गच्चीवरच्या बाईंची गोष्ट. वायरमनच्या फोटोंत एक होता, भर दुपारी गच्चीवर एक बाई बसलीय, पत्र्याच्या शेडच्या सावलीत, पाय टाकीवर ठेवून पेपर वाचतेय. इतकी निवांत बसलेली बाई मी फोटोत कधी बघितली नव्हती. लग्नात तर नाहीच नाही. मला तो फोटो मधल्या भिंतीवर हवा होता. रविवारी विषय निघाला आणि खडाजंगी. एक म्हणाला, गच्ची म्हणजे घर, तिला न विचारता कसं लावता? दुसरा म्हणाला, मग रस्त्यावरच्या फोटोग्राफीला टाळंच लावा. कायद्याचं शिकणारी एक मुलगी येते, ती म्हणाली, "वाद कशाला घालताय, जाऊन विचारा ना." एवढ्या बारा टाळक्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

वायरमन प्रिंट घेऊन गेला. बाईंनी बघितला, हसल्या, म्हणाल्या, "चांगला आलाय की. लावा. फक्त मागचा पत्रा तेवढा काढा फोटोतनं." कारण उघड आहे. शेड विनापरवाना. उद्या महापालिकेतलं कुणी बघितलं तर घरफाळा वाढायचा!

पुढच्या रविवारी त्यावर दुसरी लढाई. निम्मे म्हणाले, फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम. निम्मे म्हणाले, मग वायरी पण काढा, टाकी पण काढा, बाईंना पैठणी नेसवा. वायरमन कोपऱ्यात बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "पत्रा काढला तर सावली कशाची म्हनून दावायची?"

खोली गप्प झाली. फोटोतल्या उजेडावर, खरं-खोट्यावर मी कार्यशाळा केल्यात, पैसे भरून. तिथं कुणी एवढं नेमकं बोलल्याचं आठवत नाही.

फोटो लावला नाही. खणात आहे. आता येणारा प्रत्येक जण हळूच विचारतो, तो पत्र्याचा फोटो बघायला मिळेल का? नाही मिळणार. बाईंना शब्द दिलाय.

तर पाहुणे, हे मोबाइलवर कुठं होतं ते सांगा. तिथं "नाइस क्लिक सर" होतं. तिथं हा फोटो केव्हाच टाकून झाला असता, बाईंना पत्ता नसता आणि पत्र्यावर चार विनोद झाले असते.

आणि दिवस संपले म्हणता, ते दिवस सुरू तरी कधी झाले होते आपल्याकडं? फोटोग्राफीचं तंत्र जगाला खुलं झालं 1839 साली, याच तारखेला, पॅरिसमध्ये. त्यानंतर पंधराच वर्षांत, 1854 ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते. म्हणजे चार माणसांनी जमून फोटो बघायचे, त्यावर बोलायचं, हे सुचायला तेव्हाच्या लोकांना वेळ लागला नाही. न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टीगलिट्झ या फोटोग्राफरनं 1905 ला फोटोंसाठी गॅलरी काढली ती कुठं? त्याचा फोटोग्राफर मित्र एडवर्ड स्टायकेनच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत. त्यातली मोठ्यात मोठी खोली पंधरा फुटांच्या आसपास. म्हणजे आमच्याएवढीच की! ती 1917 ला बंद पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि पुढं घरी घडवलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढले. त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे खरी कॉर्नरला. ज्या गावात कॅमेऱ्याचा खांब उभा आहे, त्या गावात फोटोला एक कायमची भिंत मागितली तर लोक हसतात.

शाहू स्मारकचं कलादालन आहे, ते मान्य. चांगलं आहे, मी स्वतः तिथं प्रदर्शन केलंय. पण तिथं उद्घाटन असतं, पुष्पगुच्छ असतो, पुन्हा पाहुणे असतात. दोन-चार दिवसांत गुंडाळून टेम्पोत. रोज जाऊन बसायची जागा वेगळी लागते.

कार्यक्रमानंतर एक मित्र खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भावा, कॅफे काढ. भिंतीवर फोटो लाव, तुझंही होईल, फोटोंचंही होईल." याचा मला पाहुण्यांपेक्षा जास्त राग आला, कारण तो प्रेमानं बोलत होता. कॅफेत फोटोकडं पाठ करून बसतात रे! फोटोखाली सोफा, सोफ्यावर जोडपं. जवळ जाऊन बघायचं तर त्यांच्या डोक्यावरून वाकायला लागतं. मग ते फोटो सोफ्याच्या रंगाला जुळणारे लागतात, मग हळूहळू पॅरिसचा टॉवर येतो.

बरं, पैशाचं त्याचं खरं आहे. यातून एक रुपया सुटत नाही. लाइट बिल व्यापारी दरानं, घरफाळाही त्याच दरानं. नोव्हेंबर ते मे लग्नं काढतो, त्यावर हे चालतं. घरात यावरून काय बोलणी होतात ते इथं लिहीत नाही, बायको वाचते.

आणि संघटनेबद्दलही एक ओळ. सकाळी टाळ्या वाजवणारी हीच मंडळी एखाद्या पोराचा कॅमेरा चोरीला गेला, कुणाचा ऑर्डरवरून परतताना अपघात झाला, तर रात्रीतून पैसे उभे करतात. ते मी बघितलंय. म्हणून तर टाळ्या जास्त लागल्या.

हे लिहिता लिहिता जरा निवळलोय. वडिलांची आठवण येतेय. त्यांच्या स्टुडिओत तरी लोक फक्त फोटो काढायला कुठं यायचे? संध्याकाळी बाकड्यावर चार जण ठरलेले. त्यातला एकही फोटोग्राफर नव्हता. पण ओल्या प्रिंट दोरीवर लटकत असायच्या आणि त्यांच्यावर टीका करायचा हक्क सगळ्यांना होता. नवरदेवाचा टाय वाकडा आहे, अमक्याची पोरगी आजीवर गेलीय. वडील पेन्सिलनं निगेटिव्ह टचिंग करता करता मान न वळवता उत्तरं द्यायचे. कुणाच्या घरी माणूस गेलं की रात्री-अपरात्री लोक यायचे, दहा वर्षांपूर्वीच्या ग्रुपमधला एक चेहरा मोठा करून द्या म्हणायचे. वडील रजिस्टर काढायचे, नंबर शोधायचे, पाकीट काढायचे. त्यांच्या बरोबरीच्या कित्येकांनी पुढं निगेटिव्हची पोतीच्या पोती भंगारात घातली, त्यातनं चांदी काढणारे लोक असतात. वडिलांची आहेत माळ्यावर. त्यातली काही पाकिटं आता रविवारी उघडतो. मागच्या खेपेला वायरमननं एका जुन्या वरातीच्या फोटोत लाकडी खांब दाखवला आणि तो कुठल्या चौकात होता ते सांगितलं. वधू-वर कोण ते अजून कुणाला कळलेलं नाही.

बायका कमी येतात, हे खरं आहे. आधी संध्याकाळी जमायचो तेव्हा कुणीच यायच्या नाहीत. सकाळची वेळ केल्यावर तीन-चार जणी नियमानं येतात आणि त्यांतल्या एकीचे फोटो पुढच्या महिन्यात लागणार आहेत. विषय सांगत नाही. ज्येष्ठांना तोही झेपणार नाही.

तर रविवारी सकाळी दहा. पाहुण्यांना कुणी ओळखत असेल तर त्यांनाही घेऊन या, मनापासून सांगतोय. फोन दाखवायचा नाही, कागदावर काढून आणायचं. 12×18 परवडत नसेल तर पोस्टकार्ड साइज आणा, लॅबवाला ओळखीचा आहे, माझं नाव सांगा. आपल्या फोटोवर लोक बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा एकच नियम. चहा आहे, बशी पण आहे. आणि गाडी कृपा करून गल्लीच्या तोंडाशी लावा. समोरच्या काकूंच्या दारात लावली की त्या वर येतात, आणि आल्या की प्रत्येक फोटोवर मत देऊनच जातात.

नाहीतर असं करा, लावाच त्यांच्या दारात.