हिरवं बटण

वयाच्या 43व्या वर्षी मी पीएच.डी.साठी ज्वारीचे परागकण मोजायला घेतले. आयोडीन टाकलं की धडधाकट कण काळेनिळे होतात, वांझ फिकट राहतात. काळे मोजायचे, एकूण कणांनी भागायचं. संशोधन एवढंच, बाकी दोनशे पानं प्रस्तावना.

कॉलेजच्या मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याबरोबर एक सॉफ्टवेअर आलं होतं. नाव सांगत नाही. पडद्यावर मधोमध एकच हिरवं बटण, ‘काउंट’. दाबलं, 212. पुन्हा दाबलं, 212. इतकं आज्ञाधारक आमच्या घरात कुणी नाही. आठवड्यात साठ फोटो उरकले आणि गाइडसरांपुढे तक्ता ठेवला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “थ्रेशोल्ड कोणता घेतलात?”

“हिरवा, सर.”

थ्रेशोल्ड म्हणजे किती काळं असलं की काळं म्हणायचं, ती रेघ. बटणाने ती कुठे मारली, चिकटलेले दोन कण एक धरले की दोन, धुळीचा ठिपका कणांत घेतला का, हे ते सांगेना. कोपऱ्यात करड्या अक्षरांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ होतं, पण त्याला म्हणे वेगळं लायसन्स. सर म्हणाले, “इमेजजे वापरा. फुकट आहे.”

फुकट म्हटल्यावर मी भुललेच. 1997 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या वेन रासबँड यांनी हा प्रोग्रॅम जावा या संगणकाच्या भाषेत केला, म्हणून नावात जे. उघडला तर पडद्यावर बोटभर पट्टी. वाटलं, अजून लोड होतोय. चहा पिऊन आले. पट्टीच.

पट्टीखाली मात्र तळघर. मेनूत मेनू, त्याच्या पोटात आणखी मेनू. त्यातून मी घेतलं होतं फिजी, म्हणजे ‘फिजी इज जस्ट इमेजजे’. तोंडाने ‘जस्ट’ म्हणायचं आणि मागून प्लगइनांचं, म्हणजे जोडपुरवण्यांचं, अख्खं बिऱ्हाड आणायचं.

फोटो आठ बिटचा, म्हणजे नुसत्या करड्या छटांचा केला, थ्रेशोल्ड दिला, ‘अ‍ॅनलाइझ पार्टिकल्स’वर गेले. कणाचा आकार विचारला होता आणि चौकटीत आधीच लिहिलं होतं, 0 ते इन्फिनिटी. एवढी उदार अट मी कशाला मोडू? परागकण आले 41,386. धूळ, काचेवरचे ओरखडे, फोटोतली खरखर, सगळ्यांना मतदानाचा हक्क मिळाला होता. दुसऱ्या वेळी काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल झाली आणि उत्तर आलं 1. कण सोडून त्यांच्यामागची सगळी मोकळी जागा, हाच एक विराट परागकण. थेट अद्वैत! मागे फिरावं तर ‘अनडू’ एकच पाऊल मागे जातं. त्याआधीची पापं ज्याची त्याने फेडायची.

थ्रेशोल्डची यादी उघडली तर 16-17 पद्धती, त्यातल्या कित्येक माणसांच्या नावाच्या. हुआंग, ली, ओत्सू, येन... आणि शानभाग! परमुलखात गर्दीतून कुणी “ओ वहिनी” अशी हाक मारावी तसं झालं. 1994 सालची पद्धत. ना मी तिचं गणित वाचलं, ना माझ्या फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख पाहिला. शानभाग म्हणजे आपलेच. रेघेत बसेल ते लाल दिसतं, आणि इथे अख्खा फोटो लालेलाल. दोष त्यांचा नव्हे. प्रत्येक पद्धतीला विशिष्ट तऱ्हेचा फोटो मानवतो. मी आडनाव ऐकून स्थळ पक्कं केलं होतं, पत्रिका पाहिलीच नाही.

मग सापडलं ‘ट्राय ऑल’. एकाच फोटोवर सगळ्या पद्धती लावून चित्रं ओळीने मांडतं, म्हणजे वधूवर मेळावाच. तिथे 1979 चे ओत्सू पसंत पडले. माझ्या आलेखात काळ्या कणांचा एक डोंगर आणि उजळ पार्श्वभूमीचा दुसरा. दोन गट जास्तीत जास्त वेगळे पडतील अशी रेघ शोधणं हेच ओत्सूंचं काम. (फिकट कण पार्श्वभूमीत मिसळून जात. ते मी एकेकावर टिचकी मारून मोजले. त्याबद्दल कुणी पदवी देत नाही.)

तीन महिन्यांनी कळलं की ‘एल’ दाबलं की हवी ती आज्ञा नावाने शोधता येते. तीन महिने मी तळघरात काडेपेटी घेऊन हिंडत होते! पण जीव जडला तो रेकॉर्डरवर. तो चालू ठेवला की आपण जे जे करू ते ओळीने लिहून ठेवतो, सासूबाई दुधाचा हिशेब ठेवतात तसा. आणि ते लिहिलेलं पुन्हा चालवता येतं. प्रोग्रॅमिंगचं ‘प्र’ न शिकता माझा मॅक्रो तयार! इतर ठिकाणी सोप्याची खोली वेगळी, अवघडाची वेगळी आणि मधे कुलूप. इथे निदान जिना आहे. अंधारा आहे, पायऱ्या उंच आहेत, पण आहे.

हा मॅक्रो पट्टीवर बटण करून बसवता येतो. बसवला. आत ओत्सू, धूळ वगळणारी आकाराची अट, चिकटलेले कण सोडवणारं ‘वॉटरशेड’, सगळं ओळीने. बटणावर चित्र काय काढावं सुचेना, म्हणून नुसता ठिपका दिला.

परवा एम.एस्सी.ची मुलगी आली. तिला मशीनवर बसवलं. तिने ठिपका दाबला, आकडा वहीत उतरवला, पुढचा फोटो. वीस मिनिटांत दप्तर आवरून दारात.

“अगं थांब, थ्रेशोल्ड कोणता घेतलास?”

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हिरवाच ना, मॅडम?”