अकरा सेकंदांची शर्यत

माझ्याजवळ चार ऑटोक्रॉसचं मिळून अडीच तासांचं चित्रण आहे. त्यात मी खरोखर शर्यतीत गाडी चालवतोय असं ११ सेकंद दिसतं. उरलेल्या वेळात काय आहे ते ओघानं येईलच.

ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या माळावर नारिंगी कोन मांडून एक वेडीवाकडी वाट आखतात आणि तिच्यावरून एकेका गाडीला घड्याळ लावून सोडतात. शेजारी दुसरी गाडी नसते, त्यामुळं हरलो तर दोष द्यायलाही कुणी नसतं. कोनाला धक्का लागला की तुमच्या वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. सगळा खेळ दीड मिनिटाचा. त्यासाठी पहाटे साडेपाचला उठून, डब्यात पोहे घेऊन, तळेगावच्या पलीकडं जायचं आणि दुपारी दोनपर्यंत रांगेत उन्हात उभं राहायचं. माझी गाडी २००९ सालची स्विफ्ट. आठवडाभर ती मला कोथरूडहून हिंजवडीला नेते आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सूड उगवते.

कॅमेरा घ्यावा लागला तो आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळं. रविवारी संध्याकाळी लाल धुळीनं माखलेली गाडी सोसायटीत शिरली की ते गॅलरीतून विचारायचे, "काय हो, कुठं पडली?"

"पडली नाही काका, शर्यतीला गेलो होतो."

"बरं बरं."

त्या 'बरं बरं'ला उत्तर म्हणून मी एका महिन्याचा अर्धा पगार घालून काडेपेटीहून जरासा मोठा एक कॅमेरा आणला. हिला किंमत सांगितली ती त्याच्या निम्मी. उरलेली निम्मी तिला बिलावरून कळली.

कॅमेऱ्याबरोबर काचेला चिकटवायचा एक रबरी कप येतो. काच स्वच्छ पुसा, कप दाबा, खटका फिरवा, झालं, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका लिहिणारा माणूस तळेगावच्या माळावर कधी आलेला नसावा. काच आणि कप यांच्यामध्ये धुळीचा एक कण राहिला तरी हवा आत शिरते आणि पकड हळूहळू ढिली होते. म्हणून मी काच स्पिरिटनं पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते. आमचे तपासनीस अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सीटबेल्ट ओढून पाहिला, बॅटरी हलवून पाहिली आणि मग दोन बोटांच्या चिमटीत माझा कॅमेरा धरला. 'पॉक्' असा आवाज होऊन तो त्यांच्या हातात आला.

"हा ब्रेकच्या पेडलखाली गेला तर?"

"उचलून घेईन," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "वेगळी दोरी बांधा. कप सुटला तरी कॅमेरा खाली पडता कामा नये."

हेल्मेटवर चिकटवू का, असंही मी विचारून पाहिलं. त्यावर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आता माळावर दोरी कुठून आणणार? डिकीत इस्त्रीला टाकायचे कपडे होते. त्यातल्या लेंग्याची नाडी मी ओढून काढली, तिची दोन टोकं कॅमेऱ्याला आणि आरशाच्या दांड्याला बांधली, आणि गाडी पास झाली. संध्याकाळी टीव्हीला जोडून सगळे बसलो. पडद्यावर काळाकुट्ट डॅशबोर्ड, बाहेर नुसता पांढराशुभ्र स्वर्ग, आणि मधोमध पूर्ण दीड मिनिट झोके घेणारी नाडी. स्वर्गाचं कारण साधं असतं. कॅमेरा काळ्या डॅशबोर्डकडं पाहून ठरवतो की इथं अंधार आहे, आणि उजेड वाढवत नेतो. मग बाहेरचं दुपारचं ऊन पार पांढरं पडतं. उजेड बाहेरच्या रस्त्यावर मोजून तो तिथंच कुलूपबंद करायचा असतो, हे मला नंतर कळलं. नाडीचा मात्र एक उपयोग झाला. ती उजवीकडं फेकली गेली की आपण डावं वळण घेतोय, हे घरबसल्या समजत होतं. ही म्हणाली, "लेंगा कोणता होता?"

मग मी जरा अभ्यास केला. गाडीतल्या कॅमेऱ्याचा इतिहास वाचून मला धीर आला. ऑस्ट्रेलियात १९७९ साली बाथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसन यांच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवून थेट प्रक्षेपण केलं होतं, आणि ते गाडी चालवता चालवता समालोचकांशी गप्पा मारत होते. मला गाडी चालवता चालवता श्वास घ्यायचं लक्षात राहत नाही. १९८५ मध्ये जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगला रेनॉ संघानं फॉर्म्युला वनच्या शर्यतीत फ्रांस्वा एनो यांच्यासाठी एक जादा गाडी उतरवली आणि तिच्यात कॅमेरा बसवला. आठ-एक फेऱ्यांत तिचा क्लच गेला. म्हणजे कॅमेरा लावला की साडेसाती मागं लागते, हे मोठ्या घरातही चालत आलेलं आहे.

रबरी कप बाद झाल्यावर मी नाना पेठेत गेलो. गाडीचे सुटे भाग तिथं मिळतात, आणि न मिळणारे बनवून मिळतात. आमच्या गॅरेजवाल्या अण्णांनी शेजारच्या सीटच्या डोक्याच्या उशीखालच्या दोन लोखंडी दांड्यांना एक घट्ट क्लॅम्प आवळून दिला. "आता गाडी उलटी झाली तरी कॅमेरा हलणार नाही," ते अभिमानानं म्हणाले. गाडीबद्दल ते काही बोलले नाहीत. या जागेवरून स्टिअरिंग, दोन्ही हात आणि समोरचा रस्ता असं सगळं दिसतं. पाहणाऱ्याला आपण मागच्या सीटवर बसलोय असं वाटतं, आणि माझ्या घरच्यांना ती सवय आहेच.

चाचणी म्हणून रविवारी सकाळी भूगावच्या रस्त्याला एक फेरी मारली. चिरंजीवांनी कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण चालू करून ठेवलं होतं, चित्र हलू नये म्हणून. हे स्थिरीकरण हातात कॅमेरा धरून पळणाऱ्या माणसासाठी उत्तम. गाडीत त्याची फसगत होते. आतला संवेदक गाडीचे हिसके म्हणजे हाताची थरथर समजतो आणि बाहेरचं जग जागच्या जागी धरून ठेवायला बघतो. परिणामी भूगावचा रस्ता शांत, झाडं शांत, आणि गाडीचं स्टिअरिंग, डॅशबोर्ड व मी मात्र अंगात आल्यासारखे घुमतोय. आई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "गाडी उभी आहे ना रे? मग तू का हलतोयस?"

स्थिरीकरण बंद केलं. दुसऱ्या शर्यतीत कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डानं दगा दिला. उत्तम प्रतीचं चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटच्या घरात जातं, म्हणजे तासाला साधारण ४५ जीबी. त्यासाठी न थांबता लिहून घेणारं, व्ही ३० लिहिलेलं कार्ड हवं. माझ्या कार्डावर तसं लिहिलं होतं, शिवाय २५६ जीबी असंही लिहिलं होतं. निम्म्या किमतीत ऑनलाइन मिळालं तेव्हाच शंका यायला हवी होती. आत जागा ३२ जीबीची. ती भरल्यावरही कार्ड निमूटपणे 'हो हो' म्हणत राहिलं, काकांच्या 'बरं बरं'सारखं. शर्यतीची फाइल उघडलीच नाही. नवं कार्ड आणलं की आधी काठोकाठ भरून परत वाचून पाहायचं असतं. हे ज्ञान मला साडेचौदाशे रुपयांना पडलं.

तिसऱ्या वेळचा प्रसंग न सांगितलेला बरा, पण घरात सगळ्यांना पाठ आहे. कॅमेऱ्याचं बटण एकच. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. रांगेत असताना चिरंजीवांनी काळजीपोटी ते दाबलं. माझा नंबर आला तेव्हा मी हेल्मेट घालून, हातमोज्याच्या जाड बोटानं, मागं हात करून ते पुन्हा दाबलं. लाल दिवा दिसायला मान वळावी लागते, आणि हेल्मेटात मान वळत नाही. म्हणजे झेंडा पडायच्या बरोब्बर आधी मी चित्रण बंद केलं. त्याच्या आधीची ४७ मिनिटं मात्र झकास आली आहेत. आवाजाची सोय मी नुकतीच केली होती. वारा फडफडू नये म्हणून वेगळा माइक पायमोज्याच्या तुकड्यात गुंडाळून पुढं लावला होता. त्यामुळं शब्द न् शब्द स्पष्ट. सुरुवातीची वीस मिनिटं मी पुढच्या गाडीवाल्याच्या टायरांना नावं ठेवतो. मग दोनदा जांभई. मग पोहे. आणि मग, गाडीत आपण एकटेच आहोत या समजुतीत, "यशाचं श्रेय कुणाला द्याल?" असा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो आणि त्याला तीन निरनिराळी उत्तरं देऊन पाहतो. तिन्हीत हिचं नाव नाही.

हे टीव्हीवर लागलं तेव्हा घरात पाहुणे होते.

चौथ्या वेळी मी सगळं केलं. क्लॅम्प आवळला, उजेड बाहेर मोजला, स्थिरीकरण बंद, कार्ड खरं, लाल दिवा चिरंजीवांनी बोट दाखवून कळवला. राहिलं ते ऊन. एप्रिल महिना, काचा बंद, गाडी दीड तास उभी. असा कॅमेरा चित्रण करताना स्वतःच तापतो, त्यात बंद गाडीची भट्टी. एका मर्यादेपलीकडं तो जीव वाचवायला आपणहून बंद पडतो. झेंडा पडल्यावर ११ सेकंदांनी तो पडला.

मला ते कुठं माहीत होतं? फेरी संपली तेव्हा कोनांवर नजर ठेवणारा मार्शल म्हणाला, पहिल्या वळणावर कोनाला लागलं. मी म्हटलं, शक्यच नाही. तो म्हणाला, कोन आडवा आहे. मी म्हटलं, वाऱ्यानं पडला असेल. वीस मिनिटं वाद चालला. चार लोक जमले. शेवटी मी छाती काढून सांगितलं, "गाडीत कॅमेरा आहे माझ्या. संध्याकाळी पुरावा पाठवतो."

त्या ११ सेकंदांचं चित्रण अप्रतिम आहे. उजेड नेमका, आवाज खणखणीत, चित्र जरासुद्धा हलत नाही. दातांत जीभ धरलेला मी आरशात दिसतो, माझे हात एकमेकांत अडकतात, आणि नवव्या सेकंदाला तो नारिंगी कोन माझ्या डाव्या दिव्याखाली अगदी सावकाश, नमस्कार करत जातो.

मार्शलला मी काही पाठवलं नाही. चिरंजीवांनी मात्र कोनाभोवती लाल वर्तुळ काढून ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन मिनिटांत काकांचं उत्तर आलं, "अच्छा, इथं पडली होय!"