आरक्षण आणि सावली

वस्तीतल्या छोट्या बागेचा इतिहास सांगणारा एक लेख वाचला; त्यात झोपाळे आणि चालण्याच्या वाटेचे वर्णन छान उतरले आहे; मात्र ती जागा बागेसाठी टिकली कशी, हे निसटले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, विकास योजना (गावातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा) अमलात आल्यापासून १० वर्षांत बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांतही हालचाल न झाल्यास आरक्षण संपते. आमच्या तालुक्याच्या गावी एक बाग अशीच गेली. तिथे उरलेल्या दुसऱ्या बागेतली लोखंडी घसरगुंडी मे महिन्यात सकाळी दहालाच चटके देते, त्यामुळे मुले कडुलिंबाखालच्या ओट्यावरच खेळतात (तो कडुलिंब कुठल्याही अंदाजपत्रकातला नव्हे, आपसूक उगवलेला).