ती दांडी माळ्यावर होती

आज रविवार. मिसळ सोडून आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन बसलो, त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. लांब होईल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

जानेवारी म्हणजे रस्ता सुरक्षेचा महिना. त्यामुळे आमच्या कमिटीला हुरूप आला आणि 'लहानांपासून थोरांपर्यंत अपघात टाळूया' असा बॅनर लागला. बॅनरवर नऊ जणांचे हसरे फोटो. दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, 'मी जास्त वेळ घेणार नाही' म्हणणारी चार भाषणं. नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आल्या होत्या, कामाचं बोलणाऱ्या तेवढ्याच. त्यांच्या वाट्याला शेवटची बारा मिनिटं आली, तोवर मागच्या रांगा चहाकडे वळल्या होत्या.

आणि संपल्यावर काय? टेबलावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर आमचे एक उत्साही सभासद, अपघात टाळूयाचा बॅनर सोडवतायत. खाली दोघं हसत व्हिडिओ काढतायत. मी ओरडलो. तर म्हणे, ''अहो काका, तुम्ही फारच सिरियस घेता.''

घेतो. माझ्या घरात एक स्टीलची दांडी होती.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिक संघात असंच एक व्याख्यान झालं. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, म्हातारी माणसं रस्त्यापेक्षा घरात पडतात, त्यातही बाथरूममध्ये. कमोडशेजारी भिंतीत धरायला दांडी बसवा, रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा, पायपुसणं सरकतं का बघा. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. त्याच आठवड्यात रविवार कारंजाला जाऊन साडेचारशेची दांडी आणली. आणि ठेवली माळ्यावर. खोक्यासकट. प्लंबर येईल तेव्हा बघू. टाइल तडकली तर त्या रंगाची आता मिळत नाही. पाहुणे येऊन जाऊ देत. तीन महिने गेले. मग एका रात्री तीन वाजता आई उठली. माझी झोप मोडेल म्हणून तिने दिवाही लावला नाही. खुब्याचं हाड.

आता मी कोण, ते ऐका. अंबडला एका कंपनीत 26 वर्षं प्रेस शॉप, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग काढायचा विभाग. रोज शिफ्ट सुरू होण्याआधी टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेबद्दल चार शब्द, घेणारा माणूस. दर 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, सुरक्षेची शपथ वाचून दाखवणारा माणूस! पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच नये. पण पीस रेटवरची, नगावर पैसे मिळणारी, पोरं काय करायची? एका बटणात काडी खुपसून ते दाबलेलंच ठेवायची. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं होतंच की. काड्या कधी थांबल्या? एकेकाला मशीनसमोर उभं करून, डायमध्ये लाकडी पट्टी ठेवून तिचा भुगा दाखवला तेव्हा. ते खरं शिक्षण, असं मी कंपनीत छाती फुगवून सांगायचो. आणि घरी दांडी माळ्यावर.

म्हणून मला ही व्याख्यानं चालत नाहीत. ऐकलं की केल्यासारखं वाटतं, तिथेच घोटाळा होतो. माझा झाला.

काही जण लगेच म्हणतील, लोकांना शिकवून काही होत नाही, दंडच पाहिजे. बरं. 2021 च्या 15 ऑगस्टपासून आपल्याकडे नाशकात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं होतं. आठवतंय ना पंपावरचं दृश्य? मागच्याचं हेल्मेट घालायचं, टाकी भरायची, हेल्मेट परत. दंडाने हेल्मेट डोक्यावर चढतं, मान्य करतो. पण हनुवटीखालचा पट्टा? गंगापूर रोडला सिग्नलला उभे राहा आणि मोजा किती जणांनी लावलाय. पडल्यावर पहिलं हेल्मेटच उडून जाणार.

आणि 'आधी रस्ते नीट करा' वालेही येतील. तेही खरं आहे, चला. मिरची हॉटेल चौकात 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे बस पेटून 12 माणसं गेली, तिथे झोपलेल्या प्रवाशांना कुठलं व्याख्यान वाचवणार होतं? चौक सुधारणं हे सरकारचंच काम. पण माझ्या बाथरूमची भिंत महापालिकेची नव्हती हो.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहितो. आई पडली तेव्हा मी आणि शेजारच्या दोघांनी तिला काखेत हात घालून उभं केलं. उभं! ती किंचाळली तेव्हा कळलं. खुब्याला मार लागलेल्या माणसाला हलवू नये, आहे तसं पडू द्यावं, पांघरूण घालावं, 108 ला फोन करावा, एवढं मला येत नव्हतं. कंपनीतल्या प्रथमोपचार पेटीची किल्ली माझ्याकडे होती तरी. पाथर्डी फाट्याला गाडी घसरली की आपण तेच करतो. दोघं काखेत धरतात, एक जण तोंडात पाणी ओततो, बाकीचे शूटिंग. उरलेले 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून निघून जातात. अरे, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. आज चार भाषणांत हे कुणी सांगितलं का? नाही. पाहुण्यांचा परिचय मात्र दोन पानी.

त्या दोन मुलींबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. बारा मिनिटांत त्यांनी काय केलं, तर सतरंजी अंथरली आणि बी विंगच्या एका काकूंना त्यावर झोपवून विचारलं, ''आजी, आता एकट्याने कशा उठाल?'' आधी कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, मग रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीला धरून एक पाऊल आधी. दुखत असेल तर उठायचंच नाही, हाक मारायची. काकू लाजल्या, हसल्या, तिसऱ्या खेपेला उठल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एका सातवीतल्या मुलाला विचारलं, 108 ला फोन लावला तर पत्ता काय सांगशील? त्याला फ्लॅट नंबर आला, जवळची खूण सांगता येईना. त्याच्या आईचा चेहरा बघायला हवा होता. भाजलं तर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं नळाखाली, हे सांगेपर्यंत माइक काढून घेतला. आभार प्रदर्शन राहिलं होतं ना.

अशा मुलींना दोन तास द्या. द्राक्षाच्या गावांतही पाठवा. माझ्या निफाडच्या भावाने ट्रॅक्टरच्या ब्लोअरच्या, म्हणजे औषध फवारायच्या यंत्राच्या, शाफ्टवरचं कव्हर काढून ठेवलंय, ग्रीस करायला आडवं येतं म्हणे. त्या फिरत्या शाफ्टवर उपरण्याचं टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. मी फोनवर शंभरदा सांगितलं. 'हो दादा, हो दादा.' त्याचंही कव्हर कुठल्या तरी माळ्यावरच असणार.

रागावून लिहायला बसलो होतो, आता तेवढा राहिला नाही. माणसं वाईट नाहीत. त्या खुर्चीवर चढलेल्याने आईच्या वेळी अख्खी रात्र हॉस्पिटलात जागून काढली होती.

ऑपरेशन झाल्यावर आई घरी आली, त्या दुपारी मी दांडी बसवली. चिकटपट्टी लावून टाइलला भोक पाडलं, टाइल तडकली नाही. घड्याळ लावून सांगतो, अकरा मिनिटं. ड्रिलचा आवाज बंद झाल्यावर आतून, पलंगावरून आईने विचारलं, ''एवढंच होतं का रे?''

बी आणि सी विंगमध्ये ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी मेसेज करा. दांडी तुम्ही आणा, रबरी चोषणाची नको, स्क्रूची आणा. ड्रिल आणि काचेचा बिट माझ्याकडे आहे. मंगळवारी संध्याकाळी सातपासून येतो. टाइल फुटली तर पैसे माझे.