टाक्यांच्या रेघेवर चुना लावायला सांगणारा मेसेज

नागपुरातल्या भिशीच्या आणि भजनी मंडळांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘स्तनाच्या ऑपरेशनचा उंच व्रण २१ दिवसांत सपाट’. शेजारच्या काकूंच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झालेत. त्यांना तो चौघींनी पाठवला. चौघींचा हेतू चांगलाच असणार, पण काकूंनी चुन्याची डबी आणवूनही ठेवली होती. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: व्रण उंच होतो कारण आतली घाण बाहेर येते. त्यावर चुना-हळदीचा लेप रात्रभर ठेवायचा, सकाळी गरम शेक द्यायचा. टाके निघाले की दुसऱ्या दिवसापासून अंगठ्यानं जोरात रगडायचं. दही, लिंबू, संत्री बंद. व्रणावर चिकटवायच्या सिलिकॉनच्या पट्टीनं कॅन्सर होतो, व्रणात औषधाची सुई घेतली तर गाठ पसरते. आणि शेवटी, व्रणावर गाठ लागली तरी घाबरू नका, याच लेपानं ती विरघळते.

घाण वगैरे काही नसतं. जखम भरताना शरीर कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणतं. तीनेक आठवड्यांनी ही विणाई मंदावते आणि धागे नीट लावून घेण्याचं काम सुरू होतं, ते वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतं. काहींच्या त्वचेत विणाई वेळेवर थांबत नाही. मग रेघ जाड, लालसर, खाजरी होते, विशेषतः जिथे कातडी ताणली जाते तिथे: छातीच्या मधल्या हाडाकडचं टोक, काखेकडचं टोक. जाडी मूळ रेघेच्या हद्दीत राहिली तर तो हायपरट्रॉफिक व्रण. तो एक-दोन महिन्यांत दिसू लागतो, काही महिने वाढतो आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचदा आपला आपण बसतो. शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरत गेला तर केलॉइड. तो आपोआप बसत नाही, आणि नुसता कापून काढला तर बहुधा परत येतो. मेसेजमधल्या ‘आमच्या वहिनीला फरक पडला’ यात अर्धं सत्य असेल तर एवढंच, की वहिनींचा व्रण पहिल्या प्रकारचा होता आणि तो बसणारच होता. श्रेय लेपाला मिळालं.

आता चुना. पानठेल्यावर खर्ऱ्यात घोटतात तोच. ओल्या चुन्याचा पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली म्हणजे क्षार) १२ च्या वर असतो, आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. हळदीत चुना कालवला की पिवळा रंग क्षणात लालभडक होतो, कुंकवाचा रंग असाच येतो. घरोघरी पाहिलेली ही गंमत म्हणजे लेप किती अल्कलीयुक्त आहे याची डोळ्यांदेखत झालेली चाचणीच. मुका मार लागल्यावर गुडघ्याला हा लेप लावतात हे मान्य. तिथली कातडी जाड आणि अखंड असते, तरीही कधीकधी फोड येतातच. नऊ आठवड्यांच्या व्रणावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक असते. आम्ल भाजतं तेव्हा वर कडक थर धरतो आणि पुढचं भाजणं काहीसं अडतं. अल्कली तसं थांबत नाही, ती चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत राहते. रात्रभर लेप म्हणजे तिला सात-आठ तास मोकळं रान.

एवढं भाजलं तर बाई ओरडून उठणार नाही का? नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच माहीत नाही. काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी संवेदनेची नस अनेकदा दुखावते किंवा कापली जाते. स्तन काढल्यावर छातीवरच्या कातडीचाही मोठा भाग बधिर राहतो, काहींचा कायमचा. तिथे चटका कळतच नाही. सकाळी लेप धुतल्यावर पांढुरकी, सोललेली कातडी दिसते तेव्हाच कळतं. गरम शेकाचंही तेच. गरम पाण्याची पिशवी बधिर जागेवर फोड आणते आणि बाईला ते आरशात दिसतं. शिवाय लाल लेपानं कातडी रंगते आणि संसर्गाची लाली त्या रंगात लपून जाते.

जी जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त घेते, तिचा व्रण उंच होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. चुन्यानं खोल भाजलेली जागा इतका वेळ सहज घेते. म्हणजे व्रण बसवायला लावलेला लेप नव्या उंच व्रणाची तयारी करून ठेवतो.

कुणी लावून बसलंच असेल, तर वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धुवा. बुळबुळीत लागत असेल तर आणखी धुवा. चुना मारायचा म्हणून लिंबू पिळू नका. त्यावर तूप, टूथपेस्ट काही न लावता स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात जा.

मसाजचं मेसेजनं अर्धं बरोबर सांगितलंय, तेही चुकीच्या दिवशी. तिसऱ्या आठवड्यात जखमेची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्शाइतकी असते. टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी रगडलं तर रेघ रुंदावते, कधी उकलते. खपल्या पडून, कुठेही ओल न राहता जखम पूर्ण मिटली आणि सर्जननं हो म्हटलं की मगच सुरुवात. बोटाच्या टोकाला साधं मॉइश्चरायझर घ्यायचं, व्रणावर दाबून कातडीसकट हलवायचं: आधी रेघेच्या दिशेनं, मग आडवं, मग छोटे गोल. दाब इतकाच की लाल व्रण क्षणभर फिका पडावा. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुसऱ्या दिवशी जास्त लाल दिसला किंवा दुखला तर दाब जास्त झाला. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळू नका, तिच्यानं व्रण सुधारत नाही आणि अनेकांना पुरळ मात्र उठतं.

संत्री बंद करणं तर नागपुरात कुणाला सुचावं! कोलॅजेन विणायला क जीवनसत्त्व लागतंच. संत्री खा, लिंबू पिळा, दही खा, आणि डाळ, अंडी, पनीर यातलं काही ना काही रोज पानात असू द्या.

सिलिकॉनची भीती कुठून आली ते समजतं. स्तनात बसवायच्या, खरबरीत पृष्ठभागाच्या सिलिकॉन-इम्प्लांटचा लिंफोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळला आणि २०१९ मध्ये अशी काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. हे खरं आहे. पण ती शरीरात वर्षानुवर्षं राहणारी वस्तू. कातडीवर वरून लावायची आणि रोज काढून धुवायची पट्टी वेगळी. ती कातडीतून पाणी उडून जाऊ देत नाही, ओल टिकते आणि कोलॅजेनची जादा विणाई हळू होते. २००२ मध्ये ‘प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी’ या नियतकालिकात देशोदेशीच्या तज्ज्ञांनी व्रणांच्या उपचाराच्या शिफारशी मांडल्या. पुरेसा पुरावा असलेले म्हणून त्यांनी दोनच उपाय निवडले, सिलिकॉन आणि व्रणात द्यायची स्टिरॉइडची सुई. मेसेजनं नेमकी याच दोहोंची भीती घातली आहे. पुढच्या आढाव्यांनी सिलिकॉनवरचे बरेच अभ्यास कच्चे आहेत असंही म्हटलं, तेव्हा चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. पण नीट वापरलं तर नुकसान नाही, चुन्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

नीट म्हणजे असं. जखम पूर्ण मिटल्यावर, व्रणापेक्षा चहूबाजूंनी सेंटिमीटरभर मोठी पट्टी कापा. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग वाढवत दिवसाचे किमान १२ तास, असं दोन-तीन महिने. रोज काढून सौम्य साबणानं धुवा आणि हवेवर वाळवा. टॉवेलनं पुसली की तिला लव चिकटते आणि ती कातडीला धरत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, पट्टीखाली घाम साचतो आणि बारीक पुरळ उठतं. तेव्हा दिवसा पट्टी काढून सिलिकॉन जेलचा अगदी पातळ थर लावा, पूर्ण वाळू द्या, मगच कपडे घाला. पट्टी रात्री कूलरसमोर. स्तनाखालच्या घडीत कातडी ओलसर पांढरी पडली किंवा खाज सुटली तर पट्टी बंद, आधी बुरशी झाली नाही ना ते दाखवा. ब्राची शिवण किंवा इलॅस्टिक रेघेवर येऊ देऊ नका. सिलिकॉन परवडत नसेल तर कागदी मायक्रोपोर टेप रेघेवर लांबीनं लावून ठेवणं हा स्वस्त आणि बरा उपाय आहे, तो व्रणावरचा ताण कमी करतो. रेडिएशन चालू असेल तर मात्र यातलं काहीही त्या विभागाला विचारल्याशिवाय लावायचं नाही.

सुईनं गाठ पसरत नाही. ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड औषध खुद्द व्रणात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं देतात. त्याचे त्रास आहेत ते असे: सुई दुखते, कातडी पातळ किंवा फिकी पडू शकते, औषध व्रणाखालच्या चरबीत गेलं तर खळगा पडतो, मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढू शकते. हे आधी विचारून घ्या, पण कॅन्सर पसरेल या धास्तीनं टाळू नका.

राहिला शेवटचा मुद्दा, सगळ्यात घातक. उंच व्रण साधारणपणे रेघेच्या बऱ्याच लांबीवर वाढतो, खाजतो, डंखतो. पण रेघेत किंवा तिच्या आसपास एकाच जागी, खाज नसलेली, वाटाण्यासारखी टणक गाठ लागली, ती खाली चिकटलेली किंवा वाढत असली, वरची कातडी लाल, जाड किंवा फुटलेली दिसली, तर तो कॅन्सर परत आल्याचा संकेत असू शकतो. शस्त्रक्रियेच्या जागी मेलेल्या चरबीची किंवा उरलेल्या टाक्याभोवतीची निरुपद्रवी गाठही अशीच लागते. बोटांनी दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सीच (तुकडा काढून तपासणी) लागते. अशी गाठ तपासल्याशिवाय तिच्यात स्टिरॉइडची सुईही घ्यायची नाही. २१ दिवस लेप लावून वाट पाहणं म्हणजे तपासणीचे तीन आठवडे घालवणं. शस्त्रक्रिया नागपूरच्या मेडिकल कॉलेजला झालेली असो, तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात की जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात ओपीडीत जा, जुनी फाइल सोबत न्या आणि नोंदणीच्या खिडकीवरच सांगा: ‘जुन्या टाक्यांवर नवीन गाठ आली आहे.’