एकही शर्यत न जिंकता विजेता ठरलेल्या मुलाविषयी

मॉन्झाच्या सर्किटवर 1 सप्टेंबर 2024 रोजी एफ-थ्री या, एफ-वनच्या दोन पायऱ्या खालच्या, मालिकेच्या हंगामातील शेवटची शर्यत झाली. तिची शेवटची फेरी मी आजवर किती वेळा पाहिली असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. एकोणीस वर्षांचा लिओनार्दो फोर्नारोली चौथ्या क्रमांकावर होता, त्याच्या पुढे ख्रिश्चन मॅन्सेल होता आणि त्याच्याही पुढे विजेतेपदाचा दुसरा दावेदार गाब्रिएले मिनी होता. फोर्नारोली चौथाच राहिला तर विजेतेपद मिनीचे आणि तिसरा आला तर त्याचे, इतका साधा तो हिशेब होता. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर त्याने मॅन्सेलला मागे टाकले आणि वर्षभराच्या खेळाचा निकाल त्या काही मीटरांत लागला. पुढे मिनी तांत्रिक कारणावरून अपात्र ठरला, म्हणजे तो ओव्हरटेक झाला नसता तरी चालले असते. पण हेल्मेटच्या आत बसलेल्या त्या मुलाला हे कुठून ठाऊक असणार?

त्या रात्री मी मात्र जरा नाक मुरडूनच लिहिले होते की, संपूर्ण हंगामात एकही शर्यत न जिंकता विजेता ठरणे हा मालिकेच्या गुणपद्धतीचा दोष आहे आणि हा मुलगा सुरक्षित गाडी चालवतो, वेगवान नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरे काय? त्यानंतर तो वरच्या पायरीवर, एफ-टूमध्ये, गेला, जुलै 2025 मध्ये सिल्व्हरस्टोनला त्याने तिथली पहिली शर्यत जिंकली, पाठोपाठ आणखी काही जिंकल्या आणि पदार्पणाच्याच हंगामात ते विजेतेपदही मिळवले. माझे भाकीत चुकले याचे मला फारसे दुःख नाही, कारण भाकिते चुकण्यासाठीच असतात. पण डोळ्यांसमोर दिसत असलेली गोष्ट मला दिसली नाही, ही बाब मनाला लागून राहिली आणि त्यातून या कनिष्ठ मालिका पाहण्याची माझी पद्धतच बदलली. हे लिहिण्याचे कारण तेच.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो आणि एफ-थ्री पाहणारे बहुतेक लोक याच समजुतीने ती पाहतात. उद्याचा एफ-वन चालक आजच ओळखून ठेवायचा आणि तो मोठा झाला की ‘मी तेव्हाच सांगितले होते’ असे म्हणायचे, हा या छंदातला खरा आनंद असतो, आणि तो मीही पुष्कळ उपभोगला आहे. अडचण अशी की या पाळण्याची रचनाच मोठी फसवी आहे.

एफ-थ्रीमध्ये दहा संघ आणि प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण तीस गाड्या असतात. डल्लाराची चॅसी, मेकाक्रोमचे इंजिन आणि पिरेलीचे टायर सर्वांना सारखेच, त्यामुळे उरतो तो केवळ चालक, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात शुक्रवारी सरावासाठी पाऊण तास मिळतो, त्यानंतर शर्यतीत कोण कुठून निघणार हे ठरवणारी अर्ध्या तासाची पात्रता फेरी होते आणि सप्ताहान्ताचे भवितव्य बहुतांशी तिथेच ठरते. नव्या टायरची उत्तम पकड जेमतेम एखाद्या फेरीपुरती टिकते. त्या फेरीच्या आधी टायर योग्य तापमानाला आणायचा असतो, पुढच्या गाडीपासून असे अंतर ठेवायचे असते की सरळ रस्त्यावर तिच्या मागच्या हवेचा फायदा मिळावा आणि वळणांत तीच हवा आड येऊ नये, आणि हे सगळे तीस जण एकाच वेळी करत असतात. मॉन्झाला तर 2019 मध्ये या एकमेकांची वाट पाहण्याच्या नादात पात्रता फेरीचा पार विचका झाला होता. पुढे कोणी जायचे यावरून सगळा घोळका रेंगाळत राहिला होता आणि नंतर दंडांची रांग लागली होती.

बेल्जियममधील स्पा सर्किटच्या पात्रता फेरीची शेवटची चार मिनिटे कधी तरी वेळेच्या तक्त्यावर नजर ठेवून पाहावीत. सात किलोमीटरची ती फेरी एफ-थ्रीच्या गाडीला दोन मिनिटांहून थोडी अधिक घेते, म्हणजे प्रत्येकाच्या हातात एकच खरी संधी असते. एखाद्या मुलाचा पहिला टप्पा जांभळा होतो, म्हणजे तोवरच्या सर्वांत वेगवान वेळेचा, दुसरा टप्पा हिरवा होतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा चांगला, आणि त्याच क्षणी कुणीतरी दुसराच कुठल्या तरी वळणावर वाळूत जातो व लाल झेंडा फडकतो. तक्त्यावर त्या मुलाचे नाव विसाव्या ओळीवर गोठते. शनिवारी तो विसावा निघतो, रविवारीही विसावाच निघतो, सोमवारी गुणतालिकेत त्याच्या नावापुढे शून्य दिसते आणि मंगळवारी त्याच्यात काही दम नाही, असे आपल्यातलाच कोणी तरी लिहितो. तो जांभळा टप्पा कुठेही नोंदलेला राहत नाही. मी आता वहीत नोंदवतो ते नेमके हे टप्पे.

शनिवारच्या छोट्या शर्यतीचे, म्हणजे स्प्रिंटचे, गणित तर आणखी वेगळे आहे. पात्रता फेरीतील पहिल्या बारा जणांचा क्रम उलटा करून ती सुरू होते, म्हणजे बारावा आलेला सर्वांत पुढे उभा राहतो आणि पोल मिळवणारा, म्हणजे पात्रता फेरीत पहिला आलेला, बाराव्या जागी. (नववा येण्यापेक्षा बारावा आलेले बरे, असे एखाद्याच्या मनात येतच नसेल, यावर माझा विश्वास नाही.) एफ-टूमध्ये हीच उलटापालट पहिल्या दहांची होते. भारताच्या कुश मैनीने 2025 मध्ये मोनॅकोची स्प्रिंट जिंकली, तेव्हा तो अशाच उलट्या क्रमामुळे पुढून निघाला होता, आणि तेवढ्यावरून त्या विजयाला हलके लेखणारेही भेटले. मला ते पटत नाही, कारण मोनॅकोच्या कठड्यांमध्ये मागे टपून बसलेल्या गाड्या सांभाळत शेवटपर्यंत एकही चूक न करणे हेही कसबच आहे. परंतु निव्वळ विजयांची संख्या मोजून चालकांची तुलना करणारा माणूस दोन वेगळ्या वजनांची नाणी एकाच ढिगात टाकत असतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. स्प्रिंटच्या विजयाला दहा गुण आणि रविवारच्या मुख्य शर्यतीच्या विजयाला पंचवीस, हा फरक नियमांनीच करून ठेवलेला आहे.

हे लक्षात घेतले की फोर्नारोलीचा तो बिनविजयाचा हंगाम वेगळा दिसू लागतो. पात्रता फेरीत सातत्याने पुढे येणारा चालक शनिवारी आपोआप मधल्या घोळक्यात जाऊन पडतो, आणि तिथून पुढचा पंख न मोडता, दंड न घेता चार-पाच गुण घेऊन घरी येणे ही त्या दिवसाची खरी कमाई असते. तो हे काम आठवड्यामागून आठवडे करत होता आणि मी विजयाच्या रकान्यातला भोपळा पाहत बसलो होतो. पुढे एफ-वनमध्ये शर्यती जिंकलेल्या ऑस्कर पियास्त्रीने 2020 मध्ये हीच मालिका जिंकली, ती एकही पोल न मिळवता. मुजेल्लोच्या शेवटच्या शर्यतीआधी त्याचे आणि लोगन सार्जंटचे गुण सारखे होते, सार्जंट पहिल्याच फेरीत धडकून बाहेर पडला आणि पियास्त्रीने तेओ पुर्शेरला अवघ्या तीन गुणांनी मागे ठेवले. तेव्हाही हा मुलगा एका फेरीत वेगवान नाही, असेच म्हटले गेले होते. आज तसे म्हणण्याची हिंमत कोण करील?

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सातत्याचा पुजारी झालो आहे असे वाटेल. ऑलिव्हर बेअरमन 2024 च्या एफ-टू हंगामात बारावा आला आणि किमी अँतोनेली सहावा, तरी पुढच्याच वर्षी दोघेही एफ-वनमध्ये होते. दोघेही प्रेमा या मातब्बर संघात होते, पण त्या वर्षी आलेली नवी गाडी त्या संघाच्या हाती नीट लागलीच नाही. केवळ तालिका पाहिली असती, तर दोघांनाही आणखी एक वर्ष तिथेच थांबवायला हवे होते. पण त्याच वर्षी जेद्दाहला फेरारीच्या कार्लोस साइन्झवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली आणि एफ-वनच्या शर्यतीसाठी फेरारीने त्याच्या जागी बेअरमनला बोलावले. आदल्याच दिवशी त्याने एफ-टूची पोल घेतली होती, ती सोडून अठरा वर्षांचा हा मुलगा एका तासाच्या सरावावर एफ-वनच्या पात्रता फेरीत उतरला, अकरावा आला आणि शर्यतीत सातवा. ज्यांचे काम चालक निवडण्याचे आहे, ते टेलिमेट्री, म्हणजे गाडीतून येणारी आकडेवारी, पाहतात, सिम्युलेटरवरचे तास पाहतात, जोडीदाराशी तुलना पाहतात. आपल्याला मात्र पडद्यावर तीन आकडे दिसतात आणि त्यांवर आपण एखाद्याला चढवतो किंवा उतरवतो.

शिवाय ज्यांना आपण ‘चालक’ म्हणतो, त्यांतले बरेचसे शाळेच्या वयाचे असतात. त्याही खालच्या एफ-फोरमध्ये पंधराव्या वर्षी उतरता येते. एफ-थ्रीच्या एका हंगामाला दहा लाख युरोंहून अधिक खर्च येतो आणि एखाद्या एफ-वन संघाच्या अकॅडमीचा हात डोक्यावर नसेल, तर तो घरच्यांनी किंवा प्रायोजकांनी उभा करायचा असतो. म्हणूनच हंगामाच्या मध्यावर एखादे नाव यादीतून नाहीसे होते आणि त्या जागी दुसरे येते. चौकशी केली तर कारण बहुधा वेगाचे निघत नाही. समालोचक नवे नाव सांगून पुढे जातो, आणि मलाही जुने नाव आठवायला कधीकधी वही उघडावी लागते.

आणि एक गोष्ट लिहिताना हात थबकतो, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आंत्वान ह्यूबेर हा 2018 चा जीपी-थ्री, म्हणजे एफ-थ्रीच्या आधीच्या मालिकेचा, विजेता, 31 ऑगस्ट 2019 रोजी स्पाच्या एफ-टू शर्यतीतील अपघातात गेला. तो बावीस वर्षांचा होता. त्याच सर्किटवर 1 जुलै 2023 रोजी, पावसाच्या फवाऱ्यात पुढचे काही दिसत नसताना झालेल्या अपघातात फॉर्म्युला रीजनल या एफ-थ्रीच्या खालच्या मालिकेचा दिलानो फान्ट हॉफ गेला, वय अठरा. ह्यूबेरच्या अपघातात हुआन मॅन्युएल कोरेआच्या दोन्ही पायांना भयंकर दुखापत झाली होती. कित्येक शस्त्रक्रियांनंतर तो 2021 मध्ये एफ-थ्रीमध्ये परतला आणि त्या वर्षी तो पहिल्या दहांत आला की नाही, याची चर्चा मी कुठेतरी वाचली, तेव्हा मला त्या चर्चेत भाग घेणे जमले नाही. तो गाडीत बसला, पायाने ब्रेक दाबला आणि स्पाला पुन्हा गेला, इतके मला पुरेसे होते. एरवी मी आकड्यांचा माणूस आहे. तिथे आकडे नको वाटले.

याचा अर्थ मुलांवर टीकाच करू नये, असा कोणी काढू नये. निष्काळजीपणे दुसऱ्याच्या गाडीवर जाऊन आदळणाऱ्याला मी आजही बोल लावतो आणि वय कमी म्हणून त्याला सूट देत नाही, कारण समोरच्या गाडीत त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा बसलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या मालिकेला एफ-वनचे प्रतीक्षागृह समजून पाहिले, की समोर चाललेली शर्यत दिसेनाशी होते आणि मग फोर्नारोलीच्या बाबतीत माझे झाले तसे होते.

कारण पुढचे दार कुणासाठी उघडेल, याचा गुणतालिकेशी संबंध फार सैल आहे. एफ-टूच्या विजेत्याला नियमानुसार पुन्हा त्या मालिकेत उतरता येत नाही, त्यामुळे वर जागा रिकामी नसेल तर जिंकणाराच बाहेर पडतो. फेलिपे द्रुगोविच 2022 मध्ये जिंकला आणि राखीव चालक झाला. पुर्शेर 2023 मध्ये जिंकला आणि त्यालाही एफ-वनची शर्यत मिळाली नाही. फोर्नारोलीने 2025 मध्ये ती मालिका जिंकली, पण 2026 च्या एफ-वन ग्रिडवर नवखा चेहरा एकच आला आणि तो होता तालिकेत त्याच्या बराच खाली राहिलेला आर्विड लिंडब्लॅड. लिंडब्लॅडला जागा मिळाली हे अन्यायाचे झाले, असे मी म्हणणार नाही, कारण त्याचेही जांभळे टप्पे माझ्या वहीत भरपूर आहेत. त्याच वहीत 2024 च्या पानावर फोर्नारोलीच्या नावापुढे ‘सुरक्षित, पण वेगवान नाही’ ही माझी नोंद अजून आहे. ती मी खोडलेली नाही, तिच्याखाली फक्त सिल्व्हरस्टोनची तारीख लिहून ठेवली आहे.